मेणाची गोळी

उजाडायला लागलं तेव्हा छत्तीस पेट्या गाडीच्या हौद्यात चढून, दोर आवळून, गाठी बसून झाल्या होत्या. सूनबाईनं हात झटकले, ड्रायव्हरच्या जागेवर बसली आणि चावी फिरवली. सेल्फ फिरला. घर्र घर्र घर्र. इंजिन काही पेटलं नाही.

तिनं पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

"अगं, अशी चावी पिळत बसू नकोस," म्हातारा हौद्यामागून म्हणाला. "बॅटरी बसेल."

"दोनदाच फिरवली, मामंजी."

"माझ्या हातात होती तेव्हा एका टिचकीत उठायची."

सूनबाई यावर काही बोलली नाही. ती कधीच बोलत नसे, आणि म्हाताऱ्याला तेच जास्त झोंबायचं.

चाळीस वर्षं म्हातारा मधमाश्या पाळत आला होता. जिथं फुलोरा तिथं पेट्या, फुलोरा संपला की बिऱ्हाड पाठीवर. मुलगा हाताशी आला तेव्हा वाटलं होतं, सुटलो. पण दैवाची थट्टा बघा. माश्यांच्या घरात वाढलेल्या पोराला दोन वर्षांमागं एक माशी चावली आणि गळा असा सुजला की श्वासच कोंडला. डॉक्टर म्हणाला, आणखी एक डंख आणि खेळ खलास. तेव्हापासून मुलगा शहरात गोदामावर कामाला जातो, आणि पेट्या पडल्या सूनबाईच्या गळ्यात. पुढं म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर पडदा आला, समोरून येणारी गाडी अंगावर आल्याशिवाय दिसेना, तेव्हा चावीही तिच्याकडे गेली. पेट्या दिल्याचं म्हाताऱ्याला काही वाटलं नाही. चावीचं वाटलं. अठरा वर्षांची ती खटारा पिकअप, पण तिचा प्रत्येक खिळा त्याच्या ओळखीचा होता.

एक गोष्ट मात्र त्यानं कुणाला दिली नव्हती. नव्या जागी पेट्या उतरल्या की पहिली पेटी तोच उघडायचा. मुलगा हाताशी होता तेव्हाही तोच उघडायचा.

आज निघणं भागच होतं. ज्या फळबागेच्या बांधाला पेट्या ठेवल्या होत्या तिचा फुलोरा ओसरला होता, आणि मागोमाग कीड आली होती. बागवाला भला माणूस. त्यानं चार दिवस थांबून वाट बघितली होती, रोज येऊन पानं उलटी करून दाखवली होती आणि शेवटी म्हणाला होता, "काका, आता थांबलो तर झाडावर फक्त काड्या राहतील. उद्या नऊ वाजता औषध मारणार." माशीच्या दृष्टीनं ते औषध म्हणजे काळच. म्हणून काल संध्याकाळी, सगळ्या माश्या घरी परतल्यावर, दोघांनी पेट्यांची तोंडं जाळी ठोकून बंद केली होती. सूनबाई जाळी ठोकत गेली आणि म्हातारा तिच्या मागून फटी बुजवत गेला.

फटी बुजवणं हे म्हाताऱ्याचं खास काम. त्याच्या सदऱ्याच्या खिशात मेणाची गोळी कायम असायची, लिंबाएवढी, हाताच्या उबेनं मऊ राहिलेली. अंगठ्यानं चाचपत जायचं, फट लागली की चिमूटभर मेण दाबायचं. एक माशी बाहेर पडली की तिच्यामागं दहा पडतात. ही सवय पुढं इतकी अंगवळणी पडली होती की घरातली खिडकीची चीर, पाण्याच्या पिंपाचा ओघळ, सगळ्याला एकच औषध. चष्म्याची मोडकी दांडीसुद्धा मेणानं बसवलेली होती, आणि उन्हात गेलं की ती घसरायची.

तर आता सहा वाजले होते आणि गाडी जागची हलत नव्हती. पेट्या तशाच गाडीवर ठेवाव्यात तर ऊन चढल्यावर माश्या आत उकडून मरणार. उघडाव्यात तर सवयीनं बागेतच शिरणार आणि औषधानं मरणार. इकडे आड तिकडे विहीर. सूनबाईनं टेम्पोवाल्याला फोन लावून बघितला. "माश्या? नको ताई, मागच्या वेळचं अजून आठवतंय," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

"काल शेवटच्या चढावर गाडीनं दम टाकला होता," ती म्हणाली. "मी म्हटलं होतं तुम्हाला."

"चढावर गिअर चुकला होता तुझा."

"गिअर नव्हता चुकला."

"बरं बाई, नव्हता. मिस्त्रीला बोलाव."

मिस्त्रीला फोन करायचा म्हणजे त्याच्या बायकोला करायचा. तीस वर्षं इंजिनांशेजारी उभं राहून मिस्त्रीचे दोन्ही कान गेले होते. त्याच्याशी बोलायचं तर तोंड कानाला भिडवून ओरडावं लागे, आणि तो स्वतः इतक्या मोठ्यानं बोलायचा की त्याच्या दुकानातला हिशेब नाक्यावर सगळ्यांना पाठ होता. पण हात सोन्याचा. हात लावून आणि वास घेऊन गाडीचं दुखणं सांगायचा.

तो येईपर्यंत सूनबाईनं हौदभर पाणी उपसलं. पोती भिजवून पेट्यांवर टाकली, ती वाळली की पुन्हा भिजवली. बादली उचलून हौद्याच्या कडेवर चढायचं, पाणी ओतायचं, उतरायचं. पाठ घामानं चिकटली होती, कोपर दोराला घासून सोललं होतं. म्हातारा पेटीपेटीला कान लावत फिरत होता. डोळ्यांनी दगा दिला असला तरी कान त्याचे लख्ख होते. सुखी पेटी गुणगुणते. घाबरलेली घोंगावते. उकडायला लागली की सगळ्या माश्या एकदम पंख मारतात आणि आवाज पावसाच्या सरीसारखा सरसर येतो. आणि एकदा का आवाज बसला, की समजायचं आतली घडी विस्कटली.

"कशा आहेत?" सूनबाईनं विचारलं.

"घाबरल्यात. अजून सरसर नाही लागली."

सात वाजता मिस्त्री दूधवाल्याच्या मोटरसायकलवर मागं बसून आला, हातात पान्यांची पिशवी. त्यानं पेट्यांकडे बघितलं आणि चार पावलं मागं सरला.

"बंद आहेत ना सगळ्या?" तो गरजला.

सूनबाईनं मान हलवली. मग त्यानं बॉनेट उघडलं. बॅटरीच्या टोकांना हात लावून बघितलं, वायर हलवून बघितली. "सेल्फ मारा," म्हणाला आणि स्वतः मागं जाऊन सायलेन्सरच्या तोंडावर तळवा धरून उकिडवा बसला. घर्र घर्र घर्र. त्यानं तळव्याचा वास घेतला.

"धूर नाही, वास नाही. म्हणजे इंजिनापर्यंत डिझेल पोचतच नाही. बाई, डिझेल आहे ना टाकीत? का काटा बघूनच चालवता?"

"काल सकाळी गळ्यापर्यंत भरलीय," सूनबाई ओरडून म्हणाली.

"काठी घालून दाखवा."

तिनं टाकीचं झाकण उघडलं आणि काठी बुडवली. म्हातारा तेव्हा हौद्यापाशी होता. त्याला कुठूनतरी सूंऽऽ असा बारीक आवाज आला. एखादी पेटी उसासली असेल, असं समजून तो पुढच्या पेटीला कान लावायला गेला. काठी वरपर्यंत भिजून आली. झाकण पुन्हा लागलं.

मिस्त्रीनं फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि हातपंप मारायला लागला. आधी नुसता फेस आला, मग बुडबुडे, मग कुठं डिझेलची धार लागली. "हवा धरली होती," तो म्हणाला. फिल्टर काढून झटकला, धुतला, बसवला. पंप मारून मारून त्याची मनगटं काळी झाली. मग सेल्फ मारला आणि काय सांगावं, इंजिन खोकलं, थरथरलं आणि चालू झालं.

सूनबाईचा चेहरा उजळला. तिनं पटापट बादली आत टाकली, गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली. गाडी बांधावरून उतरली, बागेच्या कडेकडेनं डुलत निघाली. म्हातारा आणि मिस्त्री पायी मागं. फाटकापर्यंत पोचली नाही तोच गाडीनं दम टाकायला सुरुवात केली. दोन आचके दिले आणि गप्प झाली.

आठ वाजून गेले होते. फाटकाशी बागवाल्याचे चार मजूर तोंडाला फडकी बांधून, पाठीवर पंप घेऊन उभे होते. पिंपात औषध कालवून तयार होतं आणि त्याचा उग्र वास इथवर येत होता.

बागवाला पुढं आला. "काका, काय करू सांगा. कालवलेलं औषध ठेवता येत नाही. ऊन वाढलं की वारा सुटतो. दहापर्यंत थांबतो. त्याच्यापुढं माझा इलाज नाही."

"दहापर्यंत थांब, लई झालं," म्हातारा म्हणाला. 

मिस्त्रीनं दुसरा उपाय काढला. एका बाटलीत डिझेल भरलं, बाटली बॉनेटच्या दांडीला उलटी टांगली आणि नळी थेट इंजिनाच्या पंपाला जोडली. सेल्फ मारल्याबरोबर गाडी सुरू. नाडी लागल्यासारखं इंजिन एका लयीत चालायला लागलं.

"बघा," मिस्त्री गरजला, "पंप ठणठणीत आहे. दुखणं मागं आहे. टाकीपासून इथपर्यंत. पण बाटलीवर तुम्ही काय चाळीस मैल जाणार नाही."

त्यानं इंजिन बंद केलं, टाकीकडून येणारी नळी सोडवली, तोंडाजवळ धरली आणि सूनबाईला म्हणाला, "मी फुंकतो, झाकण काढा आणि आत आवाज येतो का बघा. मला ऐकू यायचं नाही."

सूनबाई टाकीशी गेली. म्हातारा तिच्या शेजारीच उभा होता, कारण ह्या बाजूच्या पेट्यांना आता सरसर लागली होती. तिनं झाकण फिरवलं.

सूंऽऽऽ.

मघाचाच आवाज. पण आता तो हातभर अंतरावर होता. पेटीचा नव्हता. टाकीनं हवा आत ओढून घेतली होती, बराच वेळ तोंड दाबून धरलेल्या माणसानं श्वास घ्यावा तशी.

"हे धरा जरा, मामंजी," म्हणून सूनबाईनं झाकण म्हाताऱ्याच्या हातात दिलं आणि टाकीच्या तोंडाशी वाकली. "गुडगुड येतंय," ती ओरडली. "नळी मोकळी आहे."

म्हाताऱ्याचा अंगठा झाकणावरून फिरला. मधोमध एक गुळगुळीत, मऊ ठिपका लागला. त्याला डोळ्यांची गरजच नव्हती. आयुष्यभर त्या अंगठ्यानं तेच तर केलं होतं.

त्यानं अंगठा पुन्हा एकदा फिरवून बघितला.

चार दिवसांपूर्वीची गोष्ट. प्रवासासाठी गाडी धुवायला काढली होती. टाकीजवळ डिझेलचा वास आला. माशीला तो वास खपत नाही, हे पोराटोरांनाही माहीत. चाचपून बघितलं तर झाकणाला बारीक भोक. म्हातारा मनाशी म्हणाला होता, जुनं झालं, गंजलं. आणि खिशातून चिमूटभर मेण काढून दाबलं होतं. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, डिझेल खाली जाईल तेवढी हवा वरून आत यावी म्हणून ठेवलेलं असतं, हे अठरा वर्षं त्याला कधी सुचलं नव्हतं. पेटीला जाळी ठेवल्याशिवाय झाकण न लावणारा माणूस, आणि त्यानंच टाकीचं नाक दाबलं होतं.

त्यानं मान वर केली. मिस्त्री नळी झटकत होता. सूनबाई वाकलेलीच होती. मजूर लांब उभे होते. म्हाताऱ्यानं अंगठ्याचं नख भोकात घातलं. मेण एका गोळीत निघालं. ती गोळी खिशातल्या मोठ्या गोळीला चिकटवून टाकली. दोन क्षणांचं काम.

"द्या," सूनबाई म्हणाली. त्यानं झाकण दिलं. तिनं लावलं.

मिस्त्रीनं नळी जोडली, पंप मारला, सेल्फ मारला. गाडी सुरू झाली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मिस्त्रीनं रेस देऊन बघितली. गाडीनं दम टाकला नाही.

"गाळ होता, गाळ," मिस्त्री सगळ्या बागेला ऐकू जाईल असं बोलला. "नळीत अडकला होता, माझ्या फुंकरीनं गेला. बाई, कुठल्या पंपावर भरता हो डिझेल? आणि टाकी तळाला जाईपर्यंत चालवायची नसते, तळाची घाण वर ओढली जाते. गाडी म्हणजे चूल नव्हे, की काहीही कोंबलं आणि पेटवलं. म्हाताऱ्याच्या हातात इतकी वर्षं चालली, आणि तुमच्या हातात आली तर वर्षात ही कळा."

मजूर फडक्याआडून हसले.

सूनबाईचे कान लाल झाले. "चुकलं माझं," ती म्हणाली. मिस्त्रीला ते ऐकूही गेलं नाही. म्हाताऱ्याला गेलं.

बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. पण पेट्या सरसरत होत्या, औषधाचा वास नाकात जात होता, बागवाला घड्याळ बघत होता. आधी निघू, मग बघू, असं म्हाताऱ्यानं स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला काय वाटेल ते सांगतो.

मिस्त्रीला त्याच्या दुकानापर्यंत, म्हणजे नाक्यापर्यंत सोडायचं होतं. तो खिडकीशी बसला, म्हातारा मधे, सूनबाई चाकावर. गाडी रस्त्याला लागली. वारा सुटल्यावर मागची सरसर हळूहळू उतरली. मिस्त्री खिडकीबाहेर बघत होता. सूनबाई खड्डे चुकवत, ब्रेक न लावता, पेट्यांना धक्का लागू नये अशी गाडी काढत होती. म्हाताऱ्याच्या लक्षात आलं की आपण इतकी वर्षं चालवली, पण इतकी अलगद कधी चालवली नाही. हे त्याला आज पहिल्यांदा कळलं असं नाही. आज त्यानं ते पहिल्यांदा कबूल केलं, आणि तेही मनातल्या मनात.

"मामंजी," सूनबाई समोर बघतच म्हणाली, "या खेपेला पोचवते. पुढच्या खेपेला ड्रायव्हर बघा. यांना मी आज फोनवर सांगते."

"का?"

"आज पेट्या मेल्या असत्या माझ्या हलगर्जीपणानं. छत्तीस घरं. मला काल चढावरच कळायला हवं होतं. तुम्ही म्हणता ते खरं असेल. माझ्या हाताला नाही गाडी."

ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं, असं म्हाताऱ्याला वाटलं. रडणाऱ्या माणसाची समजूत काढता येते. ही आपली ठरवून बोलत होती.

त्यानं खिशात हात घातला. गोळी ऊबदार लागली.

"गाळ नव्हता तो," म्हातारा म्हणाला.

"मग?"

"टाकीच्या झाकणाला भोक असतं. हवा आत यायला. ते बुजलं होतं. जेवढं डिझेल खाली जाणार तेवढी हवा वरून नको का? म्हणून झाकण उघडलं की गाडी चालायची, आणि लावलं की थोड्या वेळानं मरायची."

"कशानं बुजलं?"

"मेणानं."

सूनबाईनं पुढचं विचारलं नाही. पंचक्रोशीत खिशात मेण घालून फिरणारा दुसरा माणूस होता कुठं? तिनं एक खड्डा चुकवला.

"तुम्हाला कधी कळलं?" ती म्हणाली.

"तू झाकण हातात दिलंस तेव्हा."

"म्हणजे मिस्त्री मला बोलत होते, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

तिनं एकदाच मान वळवून त्याच्याकडे बघितलं. म्हाताऱ्याला तिचा चेहरा नीट दिसला नाही, धूसरच दिसला, पण तेवढंही पुरलं. तिनं पुन्हा रस्त्याकडे बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर त्यानं खाल्ल्या असत्या. ती काहीच बोलली नाही, आणि आज पहिल्यांदा त्याला त्या न बोलण्याची चीड आली नाही. लाज वाटली.

शेजारी मिस्त्री खुशीत मांडीवर ताल धरत होता. त्याला ह्यातलं अक्षर ऐकू गेलं नव्हतं. तो आता नाक्यावर उतरणार, दुकान उघडणार, आणि संध्याकाळपर्यंत दहा गिऱ्हाइकांना त्या आवाजात सांगणार की माशीवाल्याच्या सुनेनं गाडीची कशी वाट लावली.

नाका आला. चहाच्या टपरीपुढं बाकावर सात-आठ माणसं बसली होती. सूनबाईनं गाडी सावलीत घेतली. मिस्त्री पिशवी घेऊन उतरला. त्याच्या मागोमाग म्हाताराही उतरला.

"तुम्ही कुठं?" सूनबाई म्हणाली. "उशीर होतोय."

म्हाताऱ्यानं मिस्त्रीचा दंड धरला. कानाशी तोंड नेलं. छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला, "गाळ नव्हता!"

"आं?"

"गाळ नव्हता! झाकणाचं भोक बुजलं होतं!"

बाकावरची माणसं वळली. चहावाल्याची किटली हवेतच राहिली.

"कुणी बुजवलं?" मिस्त्री त्याच्यापेक्षा मोठ्यानं म्हणाला.

"मी! मेणानं! सूनबाईचा काही दोष नव्हता!"

 म्हाताऱ्यानं खिशातून गोळी काढली आणि त्याच्या नाकासमोर धरली. मिस्त्रीनं वास घेतला. आधी मेणाचा, मग त्यात मिसळलेला डिझेलचा. आणि मग तो असा हसायला लागला की त्याला पिशवी खाली ठेवावी लागली.

"अहो, चाळीस वर्षं माश्यांना हवा घालता, आणि गाडीचा गळा दाबलात?"

बाक हसला. चहावाला म्हणाला, "आजोबा, आमच्या किटलीला भोक पडलंय, जरा मेण लावता का?" पुन्हा सगळे हसले. म्हाताऱ्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चष्म्याची दांडी घसरून नाकावर आली. ती त्यानं वर केली आणि तसाच उभा राहिला. पुढच्या वर्षभराची ही करमणूक होती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

हसू ओसरल्यावर मिस्त्री खिडकीशी गेला. "बाई," तो म्हणाला, आणि त्याचा हळू आवाजसुद्धा टपरीपर्यंत गेला, "मघाशी चार माणसांत बोललो ते मागं घेतो. दुखणं ओळखायला मीही चुकलो. नळी फुंकण्याआधी झाकण बघायला हवं होतं."

"असू द्या," सूनबाई म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं, की दुसरंच काही, ते म्हाताऱ्याला कळलं नाही.

नवी जागा आली तेव्हा ऊन टळटळीत झालं होतं. नजर पोचेल तिथवर सूर्यफुलं. दोघांनी एकेक पेटी उतरवून झाडांच्या रांगेत सावलीत मांडली. सूनबाई एका बाजूनं, म्हातारा दुसऱ्या बाजूनं, पाय जपत, एकमेकांना "हळू" म्हणत. शेवटची पेटी उतरल्यावर म्हाताऱ्यानं घाम पुसला. तो मडगार्डवर टेकला.

सूनबाई पहिल्या पेटीपाशी जाऊन बाजूला उभी राहिली, त्याची वाट बघत. दरवेळी तशीच राहायची.

"उघड," म्हातारा म्हणाला.

"मी?"

"मग काय, मिस्त्रीला बोलवू?"

तिनं हात पुसले. मग गुडघ्यावर बसली, पक्कडीनं खिळे काढले आणि जाळी सोडवली. माश्या आधी उंबऱ्यावर आल्या, घुटमळल्या, मग एकेक करून उडाल्या. पेटीपुढं गिरक्या घेत, नवं घर डोळ्यांत भरून घेत. तिनं दुसरी उघडली, तिसरी उघडली. म्हातारा आवाज ऐकत होता आणि मोजत होता.

एकतिसाव्या पेटीतून कुणी बाहेर आलं नाही. केबिनला चिकटून होती ती पेटी, इंजिनाच्या बाजूला. म्हाताऱ्यानं उठून जाऊन कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. सूनबाईनं झाकण उचललं. आतली पोळी वितळून खाली बसली होती, आणि मधात भिजलेल्या माश्यांचा एकच गोळा झाला होता.

"माझ्यामुळं," म्हातारा म्हणाला.

"हो," सूनबाई म्हणाली. तिनं उगाच समजूत घातली नाही, आणि म्हाताऱ्याला ते बरं वाटलं. "एक गेली. पस्तीस आहेत."

तिनं राहिलेल्या पेट्या उघडल्या, आणि मग ती मेलेली पेटी बाजूला नेऊन उपडी केली. परत आली तेव्हा म्हातारा खिशातली गोळी हातात घेऊन बसला होता.

"ही तू ठेव," तो म्हणाला. "मला आता भोक आणि फट कळत नाही."

सूनबाईनं गोळी घेतली. तळहातावर फिरवली. डिझेलचा वास आलेला कडेचा तुकडा नखानं काढून लांब भिरकावला. मग गोळी मधोमध तोडली, अर्धी स्वतःच्या खिशात टाकली आणि अर्धी त्याच्या हातावर ठेवली.

"फटी कोण बुजवणार? मी एकटी?" ती म्हणाली. "फक्त गाडीजवळ गेलात की हात मागं बांधायचे."

"आणि ड्रायव्हर?"

"कसला ड्रायव्हर?" सूनबाई म्हणाली आणि बादली घेऊन पाणी बघायला निघाली.